कमी खर्चात मॅजिकची ऑनलाइन स्पर्धा: इंदूरच्या नवख्या खेळाडूंसाठी

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ नुकताच शिकलेल्या आणि आता स्पर्धेत उतरावंसं वाटणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पैसे लागतील? मोठ्या स्पर्धा जिंकणारे डेक (खेळायला निवडलेल्या कार्डांचे गठ्ठे) बघावेत तर त्यांची किंमत शेकडो डॉलर असते, आणि भंवरकुआंला खोली घेऊन शिकणाऱ्या पोराची हौस तिथेच विरते. म्हणून आधीच सांगतो, पूर्ण ७५ कार्डांचा डेक सव्वाशे-दीडशे रुपयांत जमवून जगभरच्या खेळाडूंशी खऱ्या स्पर्धेत खेळता येतं. छप्पन दुकानवर दोघांनी पोटभर खाल्लं तर जेवढं बिल होतं तेवढाच हा डेकचा खर्च. मात्र इथे पैशांची जागा वेळ घेतो. सगळ्यांचीच कार्डं स्वस्त असल्यामुळे महागडं कार्ड कुणाला वाचवत नाही. आपला डेक ज्याला आतून-बाहेरून माहीत आहे तोच पुढे जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: कुठल्या प्रकारात खेळायचं ते ठरवा

मॅजिक हा १९९३ सालचा खेळ. तेव्हापासून हजारो वेगवेगळी कार्डं निघाली आणि कुठली चालतील यावरून त्याचे अनेक प्रकार पडले. खिसा सांभाळून खेळणाऱ्यांसाठी त्यातले दोन महत्त्वाचे.

एक पॉपर. यात कधी ना कधी 'कॉमन', म्हणजे सर्वांत सहज मिळणारी, म्हणून छापलेली कार्डंच चालतात. २०१९ मध्ये कागदी आणि ऑनलाइन खेळासाठी याची एकच अधिकृत यादी झाली. लायटनिंग बोल्ट, काउंटरस्पेल अशी जुनी, नावाजलेली कार्डं इथे चार-चार वापरता येतात. प्रकार फार सुंदर आहे, पण त्यातलीही काही कार्डं मागणीमुळे महागली आहेत.

दुसरा पेनी ड्रेडफुल. हा खेळाडूंनी स्वतः २०१६ मध्ये सुरू केला आणि आजही तेच चालवतात. नियम असा, की मॅजिक ऑनलाइनवर, म्हणजे संगणकावर मॅजिक खेळायच्या प्रोग्रॅमवर, ज्या कार्डाचा भाव ०.०२ टिक्स किंवा त्याहून कमी तेवढंच कार्ड चालणार. टिक्स हे तिथलं चलन, दुकानात १ टिक्स १ डॉलरला मिळतं. म्हणजे कमाल २ सेंटचं एक कार्ड. ६० कार्डांचा मुख्य डेक आणि १५ चा साइडबोर्ड (पहिल्या गेमनंतर बदलून घ्यायची कार्डं) धरला तर ७५ गुणिले २, म्हणजे फार तर दीड डॉलर. प्रत्यक्षात बऱ्याच डेकना याहून कमी लागतात, कारण बेसिक लँड (माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी साधी कार्डं) खात्याबरोबरच मिळतात.

मी नवख्याला पेनी ड्रेडफुलच सुचवतो. पैसे वाचतात हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे यातल्या स्पर्धांना प्रवेश फी नसते, आणि नव्या माणसाला समजावून सांगणारे लोक तिथे भेटतात.

यादी ठरते कशी हे माहीत असू द्या, कारण पुढे डेक घेताना ते कामाला येतं. मॅजिकचा नवा स्टँडर्ड संच बाजारात आला की पेनी ड्रेडफुलचा नवा सीझन सुरू होतो. त्याआधी आठवडाभर तासातासाला भाव तपासले जातात आणि निदान निम्म्या तपासण्यांत जे कार्ड मर्यादेत सापडतं ते त्या सीझनला पास होतं. एकदा पास झालं की सीझन संपेपर्यंत पास. मध्येच त्याचा भाव वाढला तरी ते बाद होत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की सीझन उघडल्या उघडल्या कार्डं घेणारा स्वस्तात सुटतो, आणि महिनाभराने येणाऱ्याला एखाद्या लोकप्रिय कार्डाला थोडे जास्त मोजावे लागतात.

दुसरी पायरी: घरच्यांना आणि कायद्याला धरून

ही पायरी बाकीच्या मार्गदर्शकांत नसते, पण आपल्याकडे ती लागते. रात्री अकरानंतर मुलगा लॅपटॉपवर पत्ते खेळताना दिसला तर आजी विचारणारच, "काय रे, पैसे लावून खेळतोस की काय?" तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. "नाही गं आजी, कार्डं एकदाच विकत घेतली, आता खेळायला काही लागत नाही" हे खरं असेल तरच म्हणा.

संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे भरून, त्या बदल्यात पैसे किंवा तसाच लाभ मिळेल या अपेक्षेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे खेळ वेगळे मानले आहेत. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: फी नसलेल्या स्पर्धाच खेळा. मॅजिक ऑनलाइनच्या स्वतःच्या लीगना टिक्स भरून प्रवेश घ्यावा लागतो, तिकडे वळू नका. "शंभर रुपये टाक, जिंकलास तर हजार" अशी व्हॉट्सअपवरची ओळखीची स्पर्धा असली तर तिच्याकडे तर मुळीच नाही. फुकट स्पर्धांत जिंकणाऱ्याला बहुधा कार्ड विकणाऱ्या दुकानाचं थोडंसं क्रेडिट मिळतं. पुढच्या डेकला ते पुरतं, आणि तेवढंच पुरे आहे.

वय १८ पेक्षा कमी असेल तर खातं आणि खरेदी आई-बाबांना शेजारी बसवूनच करा.

तिसरी पायरी: खातं, लॅपटॉप, पेमेंट

मॅजिक ऑनलाइन २००२ पासून चालू आहे आणि २०२२ पासून त्याचं काम डेब्रेक गेम्सकडे आहे. ते फक्त विंडोजवर चालतं. मोबाइलवर नाही, मॅकवरही नाही. दिसायला जुनाट आहे, पण त्यासाठी गेमिंगचा महागडा लॅपटॉप लागत नाही. जुना लॅपटॉप अडकत असेल तर नवा घेण्याआधी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये रॅम वाढवता येते का ते विचारा.

नियम अजून कच्चे असतील तर आधी मॅजिक अरीना उतरवा. तो मोबाइलवरही चालतो, फुकट आहे, आणि त्यातले सुरुवातीचे धडे फार नीट केलेले आहेत. माना म्हणजे काय, स्टॅक कसा लागतो, हल्ला आणि बचाव कधी, हे तिथेच पक्कं करा. फक्त लक्षात ठेवा की अरीनामधली कार्डं मॅजिक ऑनलाइनवर येत नाहीत. दोन्ही वह्या वेगळ्या आहेत.

मॅजिक ऑनलाइनवर खातं उघडल्यावर पूर्ण सुविधा मिळायला एकदाच काही डॉलर भरावे लागतात. हा खर्च डेकच्या दीडशे रुपयांपेक्षा वेगळा, तो आधीच हिशेबात धरा. पेमेंट करताना आपल्याकडे हमखास अडतं ते एका गोष्टीवर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा हजार-दोन हजारांची ठेवा, खरेदी झाली की परत बंद करा. परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लागेल, पण एवढ्या छोट्या रकमेत तो जाणवत नाही.

चौथी पायरी: डेक निवडा, आणि मग बदलू नका

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

पेनी ड्रेडफुलच्या संकेतस्थळावर चालू सीझनमधले डेक, त्यांनी जिंकलेले आणि हरलेले सामने, सगळं बघायला मिळतं. तिथून याच सीझनमध्ये चांगली कामगिरी केलेला डेक उचला. मागच्या सीझनचा नको, कारण त्यातली दोन-चार कार्डं आता बाद असू शकतात. स्वतःच्या डोक्यातून बनवलेला तर पहिल्या स्पर्धेला नकोच. मला कल्पक डेक फार आवडतात, पण हरल्यावर चूक डेकची की खेळण्याची हे नव्या माणसाला कळत नाही. आधीच चाललेला डेक असला की ती शंका राहत नाही, आणि शिकणं सुरू होतं.

कुठला प्रकार घ्यावा? माझं मत: एकाच रंगाचा, आक्रमक. त्याची कारणं व्यवहाराची आहेत. एक रंग म्हणजे फक्त बेसिक लँड, दोन रंगांचा माना देणाऱ्या लँडच्या मागे धावायला नको. नेमका हवा तो रंग न मिळाल्याने हातातली कार्डं अडकून पडत नाहीत. आणि गेम लवकर संपतो. हे तिसरं कारण नवे लोक धरत नाहीत. मॅजिक ऑनलाइनवर सामना बेस्ट ऑफ थ्री, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायचा, असतो आणि प्रत्येकाला संपूर्ण सामन्यासाठी २५ मिनिटांचं घड्याळ मिळतं, बुद्धिबळासारखं. तीन गेम झाले तर एका गेमला जेमतेम ८ मिनिटं. निळ्या रंगाचा, प्रत्येक चालीला अडवणारा कंट्रोल डेक घेतलात तर नवख्या हाताला ही मिनिटं पुरत नाहीत, आणि जिंकत आलेला सामना घड्याळावर जातो. दोन-तीन महिने खेळल्यावर निळा डेक जरूर घ्या.

यादी उतरवून घेतली की ती तपासा. स्क्रायफॉल या शोधसंकेतस्थळावर प्रकारानुसार कार्डं गाळता येतात, त्यात पेनी ड्रेडफुलही आहे. बेसिक लँड सोडून एका कार्डाच्या चारपेक्षा जास्त प्रती नाहीत ना, मुख्य डेक ६० चा आहे ना, साइडबोर्ड १५ च्या आत आहे ना, हे दोनदा मोजा. बाद कार्ड निघालं तर स्पर्धेत सामना गमवावा लागू शकतो.

आणि मग निदान पूर्ण सीझन तोच डेक. मी हे जोर देऊन सांगतो, कारण कार्डं स्वस्त असल्यामुळे बदलण्याचा मोह फार होतो. एक सामना हरला की नवा डेक, पुन्हा हरला की आणखी एक. दीडशे रुपयांचे पाच डेक घेऊन त्यातला एकही न येणं, यापेक्षा एकच डेक आणि त्याचे पन्नास सामने कितीतरी बरे.

पाचवी पायरी: खरेदी

मॅजिक ऑनलाइनवर खेळाडू आपसात कार्डांची देवघेव करतात आणि मोठे विक्रेते त्यासाठी बॉट, म्हणजे आपोआप व्यवहार करणारी खाती, चालवतात. आपली यादी मजकूर-फाइल म्हणून आत घ्या, बॉटशी ट्रेड उघडा, हवी ती कार्डं निवडा. समजा डेकचे ०.६५ टिक्स झाले. तुम्ही १ टिक्स देता, उरलेले ०.३५ त्या बॉटकडे तुमच्या नावावर क्रेडिट म्हणून राहतात, पुढच्या वेळी कामाला येतात. म्हणून शक्यतो एकाच विक्रेत्याकडून सगळं घ्या, नाहीतर चार ठिकाणी चिल्लर अडकून पडते. नव्या खेळाडूंना साधी कार्डं फुकट देणारे बॉटही आहेत, आधी तिथे डोकावा.

ट्रेडच्या खिडकीत दोन्ही बाजूंची कार्डं दिसतात. दाबण्याआधी ती वाचा. खेळाच्या बाहेर, चॅटवर कुणी "मला टिक्स पाठव, मी दुप्पट कार्डं देतो" म्हणाला तर उत्तर देऊ नका.

सहावी पायरी: सराव

सराव म्हणजे नुसते गेम खेळणं नाही. तीन गोष्टींचा वेगवेगळा सराव लागतो.

पहिली, सुरुवातीचा हात. सात कार्डं समोर येतात आणि ठेवायची की बदलायची हे ठरवायचं असतं. बदललीत तर पुन्हा सात मिळतात, पण त्यातलं एक डेकच्या तळाशी ठेवावं लागतं. २०१९ पासून हीच पद्धत आहे. एक नेहमी येणारा हात घेऊ. डेकमध्ये २० लँड आहेत आणि हातात दोन माउंटन (लाल बेसिक लँड), पाच छान स्वस्त कार्डं. ठेवावा का? उरलेल्या ५३ कार्डांत १८ लँड आहेत. तुम्ही आधी खेळत असाल तर पहिल्या वळणाला कार्ड ओढता येत नाही, म्हणजे तिसऱ्या वळणापर्यंत दोनच कार्डं येणार. त्यात तिसरी लँड मिळण्याची शक्यता १०० पैकी साधारण ५७. तुम्ही नंतर खेळत असाल तर तीन कार्डं येणार, आणि तीच शक्यता ७२ वर जाते. तोच हात, तेच पत्ते, पण नंतर खेळताना तो निःशंक ठेवावा. आधी खेळताना बघायचं की दोन लँडवरही पहिली तीन वळणं काढता येतील का. पाचपैकी चार कार्डं एक-दोन मानाची असतील तर ठेवा. तीन-चार मानाची जास्त असतील तर बदला. असे हात रोज पाच-दहा उघडा आणि निर्णय मोठ्याने बोलून बघा. राजेंद्र नगरातल्या एका मैत्रिणीला मी हा नाद लावला, ती पोहे होईपर्यंत मोबाइलवर हात उघडत बसते. तिचं मलिगन, म्हणजे हात ठेवायचा की बदलायचा हे ठरवणं, आता माझ्यापेक्षा पक्कं आहे.

दुसरी गोष्ट घड्याळ आणि कीबोर्ड. मॅजिक ऑनलाइन प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला विचारतं, काही करायचं आहे का? दर वेळी माउसने ओके दाबत बसलात तर मिनिटं गळत राहतात. एफ२ म्हणजे ओके. एफ६ म्हणजे हे वळण संपेपर्यंत मला विचारू नको. एफ६ जपून वापरा. समोरच्याने मध्येच काही खेळलं तरी तुमची पाळी निघून जाते, आणि हातात बोल्ट असून तो टाकता येत नाही. चुकून दाबलंच तर एफ३ ने रद्द होतं. आपल्याला कुठल्या टप्प्यावर थांबायचं आहे ते 'स्टॉप' लावून आधीच ठरवता येतं. समोरच्याच्या वळणाच्या शेवटचा स्टॉप मी कायम लावून ठेवतो, कारण झटपट टाकायची कार्डं तिथेच सर्वांत उपयोगी पडतात.

तिसरी, साइडबोर्ड. पहिला गेम झाला की पुढच्या गेमसाठी १५ मधली कार्डं आत घेता येतात. नवे लोक इथे घोळ घालतात: पाच आत घेतात आणि बाहेर काय काढायचं ते ऐनवेळी ठरवतात. म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवा. कब्रस्तानातून (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातून) कार्डं परत आणणारा डेक समोर आला तर ही तीन आत, ही तीन बाहेर. आर्टिफॅक्टवाला (यंत्रं-वस्तूंची कार्डं वापरणारा) आला तर ही दोन. आपल्यासारखाच आक्रमक आला तर जीव वाढवणारी किंवा छोटे क्रिएचर (हल्ला आणि बचाव करणारी कार्डं) मारणारी ही चार. असा कागद स्पर्धेतही जवळ ठेवता येतो, ऑनलाइन खेळताना कुणाची हरकत नसते.

सरावाला प्रतिस्पर्धी हवा तर पेनी ड्रेडफुलच्या डिस्कॉर्डवर जा आणि तिथली लीग घ्या. डेक नोंदवायचा आणि आपल्या सवडीने त्याच डेकने पाच सामने खेळायचे. सामन्यांची वेळ ठरलेली नसते, फी नाही. नोकरी करणाऱ्यांना हेच सोयीचं. माझ्या मते पहिल्या स्पर्धेआधी लीगचे दोन फेरे तरी व्हावेत. शहरात ओळखीतलं कुणी खेळत असेल तर एका संध्याकाळी एकत्र बसा, एकाने खेळावं आणि दुसऱ्याने मागून "हे का केलंस भिया?" विचारावं. ज्या चालीचं उत्तर देता येत नाही ती पुन्हा तपासायची.

सातवी पायरी: वेळ जुळवा, मग नाव नोंदवा

स्पर्धेच्या वेळा अमेरिकेच्या किंवा युरोपच्या घड्याळाने दिलेल्या असतात. न्यूयॉर्कची संध्याकाळी ७ ची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीची पहाट ४:३०, हिवाळ्यात ५:३०. तिथला गुरुवार आपला शुक्रवार झालेला असतो. लंडनची संध्याकाळ ७ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे ११:३०, हिवाळ्यात १२:३०. त्यांची घड्याळं मार्चमध्ये पुढे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागे जातात, आपली जात नाहीत, म्हणून त्या दिवसांत वेळ पुन्हा तपासा.

लांबीचा हिशेबही आधीच करा. स्विस पद्धतीत कुणी लगेच बाद होत नाही, सारखे गुण असलेले एकमेकांशी खेळतात. १६ खेळाडूंना साधारण ४ फेऱ्या, ३२ ना ५. एका फेरीला दोघांची मिळून जास्तीत जास्त ५० मिनिटं. चार फेऱ्या म्हणजे जास्तीत जास्त तीन तास वीस मिनिटं, आणि टॉप ८ च्या बाद फेरीत गेलात तर वर तीन सामन्यांपर्यंत. साडेअकराला बसलेला माणूस सराफा बंद होऊन गेल्यावरही खेळतच असू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा किंवा शिफ्ट असेल तर ती स्पर्धा सोडा. शनिवारी रात्री सर्वांत सोयीचं.

नोंदणी गॅदरलिंग नावाच्या संकेतस्थळावर होते. तिथे खातं उघडा, आपलं मॅजिक ऑनलाइनचं नाव जोडून घ्या, स्पर्धा निवडा आणि डेकची यादी भरा. यादी भरल्यावर "नोंदणी झाली" असं दिसतं ना ते बघा. नुसतं नाव टाकून यादी न भरणारे पुष्कळ जण ऐनवेळी बाहेर राहतात. हे काम आदल्या दिवशीच उरका.

आठवी पायरी: स्पर्धेची रात्र

जून-जुलैमध्ये खेळणार असाल तर विजेची सोय आधी. राउटरला छोटा यूपीएस लावा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. नेट गेलं तरी तुमचं घड्याळ थांबत नाही.

जोड्या गॅदरलिंगवर दिसतात. समोरच्याला मॅजिक ऑनलाइनवर शोधा, दोघांपैकी एकाने टेबल उघडावं: होस्टने (स्पर्धा चालवणाऱ्याने) सांगितलेला प्रकार, बेस्ट ऑफ थ्री, २५ मिनिटं, आणि टिप्पणीत स्पर्धेचं नाव. समोरचा सापडत नसेल तर गप्प बसून राहू नका, पाच मिनिटांत होस्टला डिस्कॉर्डवर कळवा. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं. सुरुवातीला शुभेच्छा आणि शेवटी "गुड गेम्स" एवढं लिहिलं की झालं. हरल्यावर तर ते आवर्जून लिहावं.

खेळताना प्रत्येक वळणाआधी समोरच्याचे न वापरलेले लँड बघा. किती शिल्लक आहेत आणि कुठल्या रंगाचे, यावरून तो काय करू शकतो याचा अंदाज येतो. आपण आक्रमक डेक घेऊन बसलो असलो तरी सगळी क्रिएचर एकदम टेबलावर ओतायची नाहीत. समोर पांढरे किंवा काळे चार लँड मोकळे असतील तर तो सगळं एका कार्डात झाडून टाकू शकतो. दोन क्रिएचर हातात राखा. ही एक सवय लागली तरी नवख्याचे बरेच सामने वाचतात.

निकाल दोघांनीही लगेच भरावा. स्विसमध्ये गुण सारखे झाले की तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी किती टक्के सामने जिंकले ते बघितलं जातं, आणि लवकर हरलं की पुढे कमी जिंकणारे समोर येतात, म्हणून पहिली फेरी हरणं शेवटची हरण्यापेक्षा थोडं जास्त टोचतं. तरी पहिल्याच हारीनंतर उठून जाऊ नका. पहिल्या स्पर्धेत सगळ्या स्विस फेऱ्या खेळाच, कारण चौथ्या फेरीला समोर येणारा माणूस बहुधा तुमच्याच इयत्तेतला असतो, आणि तिथे मिळणारा सराव लीगमध्ये मिळत नाही. खरंच थांबावं लागलं तर 'ड्रॉप' दाबून जा. न सांगता गेलात तर कुणीतरी अर्धा तास वाट बघत बसतो.

नववी पायरी: दुसऱ्या दिवशी

मॅजिक ऑनलाइनवर खेळलेल्या गेमची नोंद काही काळ राहते आणि ती पुन्हा चालवून बघता येते. फार दिवस टिकत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी हरलेले गेम बघा. सगळा गेम नको. सुरुवातीचा हात बघा, मग जिथे पारडं फिरलं ते वळण शोधा आणि तिथून मागे दोन वळणं. वहीत तीनच रकाने ठेवा: समोरचा डेक, मी ठेवलेला हात, फिरलेलं वळण. पाच-सहा स्पर्धांनंतर त्या वहीत एकाच प्रकारच्या डेकचं नाव परत परत दिसायला लागेल. साइडबोर्डमधली दोन कार्डं त्याच्यासाठी बदला, मुख्य डेकला हात लावू नका.

नव्या संचाची तारीख जाहीर झाली की कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. सीझन बदलल्यावर आपली यादी पुन्हा तपासायची आणि बाद झालेल्या कार्डांच्या जागी काय बसतं ते बघायचं. बरीचशी कार्डं पुढच्या सीझनलाही चालतात, म्हणून दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्यापेक्षा कमीच येतो आणि पुष्कळदा बॉटकडे पडलेल्या त्या ०.३५ टिक्समध्येच काम भागतं.